दोन हजारांच्या आतले चायनीज आयईएम: टाळ टोचू नये, पखवाज हरवू नये

कापूसकाटा (मानवत)

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी जिनिंगवर वजनकाट्याला असतो. दसरा झाला की कापसाच्या गाड्यांची रांग लागते ती फेब्रुवारीपर्यंत. दोन गाड्यांच्या मधी जो वेळ मिळतो त्यात कानात काहीतरी असतं. पहिला आयईएमचा (कानाच्या भोकात बसणाऱ्या वायरवाल्या इअरफोनचा) सेट आठशेचा होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती. दिवाळीनंतर उजवा कान हळूहळू बसत गेला. आधी वाटलं वायर गेली, मग वाटलं कानात मळ असेल. शेवटी मोबाईलच्या टॉर्चखाली नळीचं तोंड बघितलं तर जाळीवर कापसाचं तूस बसलेलं, वर कानातल्या तेलानं त्याचा असा थर झालेला की जणू नमदाच. सुईनं काढायला गेलो आणि जाळीलाच भोक पाडलं. त्यानंतर त्या कानातून सगळं किनरं वाजायला लागलं, ते आजतागायत.

आता नवीन घ्यायचाय. बजेट दोन हजार, ओढून ताणून बावीसशे. पण मी काय ऐकतो ते सांगितल्याशिवाय सल्ला उपयोगाचा नाही, कारण इंटरनेटवरचे सगळे रिव्ह्यू इंग्रजी गाण्यांवर असतात. गिटार अशी आली, ड्रम तसा आला. आपल्याला त्याचं काय करायचं?

आमच्या गावात भजनी मंडळ आहे. वडील चाळीस वर्षं पखवाज वाजवायचे. आता बोटं आखडली, वाजवणं बंद. मी काकड्याची, एकादशीची रेकॉर्डिंग करतो, फोनवरच. सभामंडपावर पत्रे, टाळकरी चौदा-पंधरा, गाणारे काळी दोनच्या पट्टीतले, आणि एका कोपऱ्यात पखवाज. ह्या रेकॉर्डिंगमधी मला दोन गोष्टी पाहिजेत. पखवाजाचं डावं तोंड, म्हणजे कणीक लावलेली बाजू, तिचा 'धुम्' नीट ऐकू आला पाहिजे. नुसती गुरगुर नको. आणि टाळ टाळासारखा वाजावा, कानात दाभण घातल्यासारखा नको.

आतापर्यंत दोन सेट मागून ऐकले.

केझेड ईडीएक्स प्रो, परभणीच्या मित्राचा. हजाराच्या आतबाहेर मिळतो. धुम् असा येतो की पोटात कळतं. पण गाणारे दोन पावलं मागं उभे राहिल्यासारखे वाटतात आणि गजर चढला की टाळ लई टोचतो. दहा मिनिटांनी मी काढून ठेवला.

मूनड्रॉप चू २, आतेभावाचा. (हे नाव घरात मोठ्यानं घेता येत नाही, ते एक सोडा.) धातूचा, हातात घेतला की वजनदार. गाणाऱ्याचा गळा एकदम समोर. कोण सुरात आहे आणि कोण नुसतंच तोंड हलवतोय ते कळायला लागलं, मंडळात भांडणं लागतील. पण पखवाज बारीक झाला. डाव्या हाताची थाप पडलेली कळते, तिचा गोळा कळत नाही.

अजून न ऐकलेले दोन डोक्यात आहेत: सेव्हन हर्ट्झचा झीरो २, आणि तांगझूचा तो वान-अर. आमच्याकडं त्याला सरळ वानर म्हणतात. आतेभाऊ म्हणला, वानर घे, त्याला बेस आहे आणि टोचत नाही.

तर कोणता? आणि काऊन? नुसतं नाव टाकून पळू नका. फोनला गोल जॅक नाही, सी-टाइप आहे, हेही बघा.

---

वाळूज_क्यूसी (छत्रपती संभाजीनगर)

कापूसकाटा, पहिल्याच लिखाणात एवढं मोजूनमापून सांगणारा माणूस इथं बऱ्याच दिवसांनी बघितला. चारी सेट माझ्याकडून वापरून झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक प्रश्न. चू २ ऐकताना टिप्स (टोकाची रबरं) कोणत्या होत्या? आतेभावाच्या कानातल्या होत्या तशाच घातल्या असतील तर तुमचा निकाल मी मानत नाही. रबर कानाला घट्ट बसलं नाही की सगळ्यात आधी पळतो तो बेस. हवा गळते, पडदा हलतो, पण दाब तयारच होत नाही. पखवाजाचा गोळा नाही, नुसती थाप, हे गळतीचं अगदी नेमकं लक्षण आहे. दोन्ही कानांची भोकं सारखी असतात हा समजही काढून टाका. माझ्या डाव्या कानात मोठी टिप लागते, उजव्यात मधली. तपासायची सोपी रीत: पखवाज चालू असताना दोन्ही सेट बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर धुम् एकदम वाढला तर टिप लहान आहे.

घालताना 'टिक्' असा आवाज आला तर घाबरू नका. आत अडकलेली हवा पडद्याला ढकलते, त्याचा तो आवाज. सावकाश घाला, कानाची पाळी मागं ओढून.

दुसरी गोष्ट, आवाज सारखा ठेवून तुलना केली का? चू २ चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) १८ ओहम, झीरो २ चा ३२, आणि संवेदनशीलतेतही चू २ पुढं आहे. फोनचा आवाज त्याच घरावर ठेवला तर चू २ बराच मोठा वाजतो. आणि जो मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीत सारखा येईल असं आधी जुळवा, मग निकाल द्या.

आता टाळ. मोकळ्या कानात बाहेरचा आवाज शिरतो तेव्हा कानाची नळी साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग आपोआप फुगवते. आयईएम घातला की ती नळी बंद होते, म्हणून तो फुगवटा बनवणाऱ्याला मुद्दाम ट्यूनिंगमधी घालावा लागतो. घातलाच नाही तर गळा मागं जातो. जास्त झाला तर ओरडतो. केझेडच्या त्या सेटमधी खालचा (जाड आवाजाचा) आणि वरचा (टोकदार आवाजाचा) भाग उचललेला आहे, मधला त्या मानानं खाली, म्हणून तुम्हाला गाणारे मागं उभे दिसले. त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखं ट्यूनिंग म्हणतात. सिनेमाच्या गाण्याला मजा येते, भजनाला नाही. तुमच्या मंडळात चौदा टाळ आणि एक पखवाज. वरचा भाग त्यांनी आधीच उचलून ठेवलाय, परत उचलायचं कारण काय?

सेटच्या आवाजाचा मापून काढलेला ग्राफ बघत असाल तर आठ हजार हर्ट्झजवळचा सुळका बघून कुणाला नावं ठेवू नका. मापायच्या नळीतला तो अनुनाद असतो. तुमच्या कानात सेट किती आत जातो त्यावर तो सुळका सरकतो. लहान टिप लावून जरा आत ढकलला आणि टाळ मवाळ झाला, असं होऊ शकतं. सील (रबराची घट्ट पकड) मात्र सुटू देऊ नका.

माझं मत: झीरो २. सिंगापूरचा क्रिनॅकल, जो आयईएमची मापं घेऊन घेऊन प्रसिद्ध झाला, त्याच्यासोबत मिळून कंपनीनं हा काढला. १० मिलीमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवणारा छोटा स्पीकर). आधीच्या झीरोपेक्षा खाली भर घातलेली, वरती आवरलेलं. डब्बा प्लास्टिकचा, हलका, उन्हाळ्यात बरा. चू २ चा धातू मे महिन्यात कानाला जाणवतो, आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको.

वानरही वाईट नाही. तो जरा अजून ऊबदार, टाळ अजून मागं. पण तुम्हाला कोण सुरात आहे ते ऐकायचंय, तिथं तो थोडा पांघरूण घालतो. (तांगझू म्हणजे तांग घराणं. त्या काळातली शांगक्वान वान-अर नावाची कवयित्री, सम्राज्ञीच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होती, तिचं नाव आहे ते. आपण तिचं वानर केलं.)

आणि शेवटचं, राग मानू नका. फोनच्या रेकॉर्डरमधी आपोआप आवाज कमीजास्त करायची सोय चालू असते. टाळांचा गजर झाला की फोन सगळंच दाबतो, त्यात पखवाजही दबतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती सोय बंद करता येईल असं ॲप घ्या, वेव फाइलमधी रेकॉर्ड करा, आणि फोन टाळकऱ्यांच्या मधी न ठेवता पखवाजाच्या डाव्या अंगाला दोन हात लांब ठेवा.

---

लायब्ररी_लातूर

मी नीटची तयारी करणारा गरीब प्राणी, माझं मत पावशेर. अभ्यासिकेत चौदा तास बसतो. केझेड वापरतो आणि सुखात आहे. मला टाळ ऐकायचाच नाही, शेजारचा पेन टिकटिक करतो ते ऐकू येऊ नये एवढंच. त्या कामाला हजारातला कोणताही सेट चालतो, टिप घट्ट पाहिजे.

एक मात्र सांगतो. कानामागून वायर घेऊन पहिल्यांदा घरी गेलो तर आज्जीनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोराला ऐकू येत नाही का गं? मशीन बसवलं?"

---

वाळूज_क्यूसी

@लायब्ररी_लातूर आज्जी फार चुकल्या नाहीत. जास्त ड्रायव्हरवाल्या सेटमधी जे बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या जातीचा बारका स्पीकर) असतं, ते श्रवणयंत्रात वापरतात तेच. लहान जागेत बसतं आणि कमी विजेवर चालतं, म्हणून तिथून इकडं आलं. कापूसकाटांना दिलेल्या यादीतले चारी सेट मात्र एकाच डायनॅमिकचे आहेत, त्यामुळं आज्जींना सांगा, ह्यात मशीन नाही.

---

जवारी (अंबाजोगाई)

मी गाणं शिकवते, शास्त्रीय. उपकरणांतलं मला फार कळत नाही, पण वाळूजचे दादा म्हणतात त्यात एक भर घालते.

सेट पारखायला गाणं लावूच नका, आधी नुसता तानपुरा लावा. घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतो, ज्यानं जवारी निघते, तो बरोबर लागला असेल तर एका तारेतून किती स्वर उमलत जातात ते तुम्हाला ठाऊक असेलच. चांगल्या सेटवर षड्जाच्या तारेतून वरचा गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी न छेडता. वाईट सेटवर एकतर तो येतच नाही, नाहीतर सगळ्या स्वरांवर एकसारखी झणझण पसरते आणि नवख्याला वाटतं, अरे वा, काय स्पष्ट आहे. ती स्पष्टता खोटी. पाच मिनिटांत डोकं उठतं.

चू २ माझ्याकडे दोन वर्षं आहे. गंधार दाखवतो. मला तो आवडतो, कारण मला गळा ऐकायचा असतो आणि माझ्या विद्यार्थिनींच्या चुका शोधायच्या असतात. पण तुमच्या वडिलांसाठी असेल तर मी तोच घ्या म्हणणार नाही. पखवाज वाजवणाऱ्या माणसाचा कान खालच्या बाजूला बसलेला असतो.

तुमच्या लिखाणात "वडिलांसाठी" असं कुठे नाही, हे मला आत्ता परत वाचताना कळलं. पण मला वाटलं तसं. चुकत असेन तर सोडून द्या.

आवाज मोठा ठेवू नका, हे मास्तरीण म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ अर्धा. जिनिंगचा आवाज झाकायला म्हणून तुम्ही आवाज वाढवत असाल तर ते आधी थांबवा. सील नीट बसलं की बाहेरचं आपसूक कमी होतं.

---

कापूसकाटा (मानवत)

ताई, तुम्ही बरोबर ओळखलं. मला लिहायला अवघड वाटलं होतं.

क्यूसी दादा, टिपा आतेभावाच्याच होत्या. त्याचे कान मुंगसासारखे. मोठी टिप लावून चू २ परत ऐकला, आणि तुमचंच खरं निघालं: धुम् बराचसा परत आला. पूर्ण नाही, पण आधी जे लिहिलं ते अन्यायाचं होतं, मागं घेतो.

आता डोंगलचं (सी-टाइपला गोल जॅक जोडणाऱ्या तुकड्याचं) सांगा. ॲपलचा सी-टाइप डोंगल चांगला आहे असं सगळे म्हणतात, पण माझा फोन अँड्रॉइड.

---

वाळूज_क्यूसी

ॲपलचा डोंगल नामी आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज पूर्ण उघडत नाही, अर्ध्यावरच थांबल्यासारखा वाटतो. चू २ असता तर चाललं असतं, तो थोडक्यात वाजतो. झीरो २ ला मी जेकॅलीचा जेएम ६ प्रो सुचवीन. लहानसा आहे, शेपटीसारखा लोंबतो, खिशात सांभाळून ठेवा, सी-टाइपचं तोंड पिळवटलं की खेळ खलास.

तुसासाठी: जिनिंगवर असताना कानातून काढला की लगेच डबीत. डबीत बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका, घामाची ओल जाळीवर बसली तरी कान बसतो. जाळी साफ करायची तर सुई नाही, तोंड खाली धरून मऊ कोरडा ब्रश. तोंड खाली हे विसरू नका, नाहीतर कचरा आत.

वायर निघणारी पाहिजे, ती तुमच्या चारीत आहे. केझेड सोडून बाकी तिन्हीत ०.७८ मिलीमीटरचा टू-पिन (दोन काड्यांचं तोंड). फक्त केझेडचं तोंड वर उचललेलं असतं, त्याची वायर बाकीच्यांना नीट बसेलच असं नाही.

---

कापूसकाटा (मानवत)

तीन आठवड्यांनी लिहितोय, सीझन चालू आहे, माफ करा.

झीरो २ आणि डोंगल मागवला. आपल्या पिनकोडला सहा दिवस लागले, त्यातले दोन दिवस पार्सल परभणीतच झोपलं होतं. मला डावीकडं मोठी, उजवीकडं मधली टिप लागली. दादांचं आणि माझं एकच माप, भाऊबंद निघायचो.

आधी माझं सांगतो. टाळ टोचत नाही. गजरात चौदा टाळ वेगवेगळे कळत नाहीत, तेवढी अपेक्षाही नव्हती, पण मधी एकजण कायम अर्धी मात्रा मागं असतो तो सापडला. त्याला अजून सांगितलं नाही. गळा चू २ इतका पुढं येत नाही, हे खरंच आहे. काट्यावर बसून एकट्यानं ऐकायचं असतं तर मी कदाचित चू २ च घेतला असता.

मग वडील. त्यांना कानामागून वायर घालणं जमेना, बोटं आखडलेली. मीच घातले. बाजेवर बसवलं, मागच्या वर्षीच्या काकड्याच्या समाप्तीचं रेकॉर्डिंग लावलं. ते फोनवरचं जुनंच, सोय बंद न करता केलेलं, पत्र्याखालचं. मला वाटलं दोन मिनिटात काढ म्हणतील.

डोळे मिटून बसले. उजव्या मांडीवर बोटं चालायला लागली, जेवढी चालतात तेवढी. साधारण नवव्या मिनिटाला हात थांबला. म्हणले, "मागं घे." मागं घेतलं. परत म्हणले, "अजून मागं." तिसऱ्यांदा ऐकून एक बाजू काढली आणि म्हणले, "कणीक वाळली व्हती."

मला काही कळेना. ते म्हणले, वारं सुटलं होतं त्या पहाटे, कणीक वाळत गेली, डावं तोंड चढत गेलं. पाण्याचा हात फिरवला असता तर बसलं असतं. मी रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलंय, मला कधी कळलं नाही. त्यांनी सांगितल्यावर सुरुवात आणि नववं मिनिट पाठोपाठ लावून बघितलं. खरंच, धुम् चा 'म्' आखूड होत गेलाय आणि वर सरकलाय. केझेडवर हा फरक मला ऐकू आला असता का, माहिती नाही. मित्राकडून परत मागून आणणार आहे, बघतो.

मी म्हणलं, मग पाणी का नाही लावलं?

म्हणले, "म्या खुणावलं की तुला तांब्यासाठी. दोनदा खुणावलं. तू त्या मोबाईलात तोंड घालून बसला व्हतास."

---

लायब्ररी_लातूर

म्हणजे वानर राहिलंच की.

---

कापूसकाटा (मानवत)

वानर आतेभाऊ घेतोय. त्याच्या चू २ च्या मोठ्या टिपा माझ्याकडंच राहिल्यात, तेवढ्या त्याला सांगू नका.